वंशावळ आणि निवाडा : कन्फ्यूशसच्या कुलग्रंथाचे एक वाचन

चीनच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी कुलग्रंथांचा उपयोग आजवर मुख्यत्वे साधन म्हणून केला आहे. लोकसंख्येचा हिशेब, स्थलांतराच्या वाटा, जमिनीची वाटणी, एखाद्या अधिकाऱ्याचे जन्मवर्ष अशा गोष्टी त्यांतून वेचून घ्यावयाच्या आणि उरलेला ग्रंथ बाजूस ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. ती चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यामुळे एक मूलभूत प्रश्न विचारावयाचा राहून जातो. हा ग्रंथ कोणत्या गरजेतून रचला गेला, आणि त्या गरजेने त्याचे रूप कसे घडविले? प्रस्तुत लेखात शान्तुंग प्रांतातील छ्यू-फू येथील खुंग कुलाच्या, म्हणजेच कन्फ्यूशसच्या वंशजांच्या, ग्रंथाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. सुमारे अडीच हजार वर्षे आणि ऐंशीहून अधिक पिढ्या एवढा त्याचा विस्तार सांगितला जातो. हे आकडे ऐकून वाचक एक तर दिपून जातो, नाही तर सारेच बनावट म्हणून मोकळा होतो. या दोन्ही वृत्ती वाचनाच्या आड येतात.

या वंशावळीचा सर्वांत जुना विश्वसनीय आधार म्हणजे इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेला सु-मा च्येन या इतिहासकाराचा ग्रंथ. त्याने आपल्या इतिहासाचा एक विभाग सरंजामी राजघराण्यांसाठी राखला होता, आणि कन्फ्यूशसपाशी ना राज्य होते ना जहागीर. तरीही सु-मा च्येनने त्याचे चरित्र याच विभागात घातले. ज्याला राज्य नव्हते त्याला इतिहासकाराने ‘घराणे’ बहाल केले. हा मुळात एक वाङ्मयीन निर्णय होता. पुढे खुंग कुलाने आपल्या ग्रंथाच्या नावात नेमका हाच ‘घराणे’ या अर्थाचा शब्द उचलला. एका इतिहासकाराने गौरवार्थ योजलेली कल्पना अशा रीतीने प्रत्यक्ष संस्था होऊन बसली.

त्या चरित्राच्या अखेरीस दिलेली पिढ्यांची यादी विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षपूर्वक वाचावी. तीत जन्मतिथी नाहीत. बहुतेक पुरुषांपुढे केवळ आयुष्याची वर्षे आहेत. कन्फ्यूशसचा मुलगा पो-यू ५० व्या वर्षी, बापाच्या आधी वारला. नातू त्स-स ६२ वर्षे जगला. त्यानंतरचे ४७, ४५, ४६, ५१. इथवर आकडे माणसांच्या आयुष्यासारखे अनियमित आहेत. पुढे मात्र चार पुरुषांचे वय ओळीने ५७ असे येते. चौघेही ५७ व्या वर्षी वारले असतील हे अशक्य नाही, परंतु लेखनिकाची किंवा मूळ सांगणाऱ्याची चूक येथे अधिक संभवते. मौज अशी की, या संशयास्पद चौकडीनंतर येणारी नावे सु-मा च्येनच्या स्वतःच्या काळाला येऊन भिडतात. त्यांतील खुंग आन-क्वो हा विद्वान तर त्याचा समकालीन होता. म्हणजे यादीचा आरंभ पारदर्शक, मध्य धूसर आणि शेवट पुन्हा स्पष्ट आहे. वंशावळीच्या टीकेचा पहिला पाठ हाच की, तिच्या सर्व भागांना एकाच मापाने मोजू नये.

यानंतरची सुमारे हजार वर्षे खुंग कुलाची नोंद प्रामुख्याने ज्येष्ठ वारसाची एकच ओळ धरून चालली. यात नवल नाही. पूजेचा मान, पदवी आणि जमीन ज्याच्याकडे जावयाची, त्याचेच नाव टिपून ठेवण्याची निकड होती. १०५५ साली सुंग सम्राटाने ४६ व्या पिढीच्या वारसाला ‘यान-शंग-कुंग’, म्हणजे ऋषीचा वंश चालविणारा उमराव, अशी वंशपरंपरागत पदवी दिली आणि ही निकड अधिकच वाढली. त्यानंतर तीसच वर्षांनी, १०८५ मध्ये, त्याच ४६ व्या पिढीतील खुंग त्सुंग-हान याने धाकट्या शाखांचीही दखल घेऊन कुलग्रंथ छापविला.

हा काळ चीनमधील एकूण कुलग्रंथरचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ओउ-यांग श्यू आणि सू श्युन या दोन प्रसिद्ध गद्यकारांनी अकराव्या शतकाच्या मध्यास आपापल्या कुलांचे ग्रंथ रचले आणि पुढील शतकांना आराखडे पुरविले. दोघांनीही पाच पिढ्यांचे एकक मानले, कारण चिनी आचारात सुतकाचे नाते साधारणतः तितकेच दूर पोहोचते. सू श्युनच्या प्रस्तावनेतील विचार हृद्य आहे. एकाच पुरुषाची संतती पिढ्या लोटल्यावर रस्त्यावरील परक्या वाटसरूंसारखी होते, आणि हे टाळता आले नाही तरी लांबविता यावे म्हणून वंशावळ लिहावयाची, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या लेखी वंशावळ हा विस्मरणावरचा उपाय आहे.

खुंग कुलाचा ग्रंथ त्याच युगात छापला गेला असला, तरी त्याची मूळ प्रेरणा निराळी दिसते. खुंगांना परस्परांच्या विस्मरणाचे भय फारसे नव्हते. त्यांना भय होते तोतयाचे. वेठीतून सूट, देवस्थानाची जमीन, दीर्घकाळ कुलाकडेच राहिलेला छ्यू-फूचा स्थानिक कारभार, हे सारे ‘खरा खुंग कोण’ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. म्हणून या ग्रंथाला मी निवाड्यांचा ग्रंथ म्हणतो. त्याचे मर्म अखंड ओळीत शोधू नये. ती जेथे तुटली आणि पुन्हा जोडली गेली, त्या सांध्यांत ते सापडते. असे तीन सांधे येथे पाहू.

पहिला सांधा दहाव्या शतकातील. कुलाची परंपरा सांगते की, ९१३ च्या सुमारास खुंग मो नावाच्या माणसाने ४२ व्या पिढीच्या क्वांग-स याचा खून करून त्याचे स्थान बळकावले. खुंग मोचे पूर्वज मूळचे खुंग नव्हते. कबरीच्या झाडलोटीसाठी नेमलेल्या सेवकांपैकी ते होते आणि त्यांनी धन्याचे आडनाव घेतले होते. क्वांग-सचे तान्हे मूल, रन-यू, आईच्या माहेरी, चांग घराण्यात लपविले गेले. मारेकरी तेथेही आले, तेव्हा चांग घरातील स्त्रीने स्वतःचे मूल पुढे करून त्याला वाचविले. ९३० मध्ये दरबारात सत्य उघड झाले, खुंग मोला देहान्त शासन मिळाले आणि रन-यू याला वारसा परत मिळाला. ग्रंथ त्याला ‘पुनरुत्थानाचा पूर्वज’ म्हणतो.

ही कथा वाचताना चिनी वाङ्मयाच्या अभ्यासकाला चाओ घराण्याच्या अनाथ बालकाची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. तीही सु-मा च्येननेच सांगितली आहे, आणि तीतही वारसाच्या जागी दुसरे मूल मारले जाते. तेवढ्यावरून रन-यूची कथा रचलेली आहे असा निष्कर्ष मी काढीत नाही. परंतु ती कोणत्या साच्यात सांगितली गेली हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तिचा परिणाम. या एका बालकामुळे सारे कुल एका बिंदूतून पुन्हा सुरू होते आणि सेवकांची संतती ‘बाहेरचे खुंग’ म्हणून कायमची वेगळी पडते. पुढे ग्रंथात कोणास घेऊ नये याचे जे नियम झाले, त्यांत परकुलातून दत्तक आलेला, पुनर्विवाहित स्त्रीबरोबर आलेला मुलगा, संन्यासी, हीन मानलेल्या धंद्यातला अशांची गणना आहे. हे नियम आणि ही कथा एकाच भयाची दोन रूपे आहेत. एक गोष्ट मात्र नजरेतून सुटू नये. पितृवंशाचा हा सारा डोलारा एका माहेरच्या त्यागावर उभा आहे, आणि ज्या मुलाने रन-यूच्या जागी प्राण दिला त्याला खुंगांच्या वंशावळीत ओळ असू शकत नाही.

दुसरा सांधा बाराव्या शतकातील. उत्तर चीन जुर्चेनांच्या हाती गेला तेव्हा ४८ व्या पिढीचा उमराव खुंग त्वान-यौ हा सुंग सम्राटापाठोपाठ दक्षिणेस गेला आणि त्याचे घर चच्यांग प्रांतातील छ्यू-चौ येथे स्थिरावले. छ्यू-फूस राहिलेल्या भाऊबंदांपैकी एकाला उत्तरेच्या सत्तेने तीच पदवी दिली. एकाच ऋषीचे दोन उमराव झाले. ज्येष्ठत्व दक्षिणेकडे, कबर उत्तरेकडे. मंगोलांनी सारा चीन एकछत्री केल्यावर १२८२ मध्ये दक्षिणेकडील खुंग चू याला बोलावणे आले. त्याने आपल्या वाडवडिलांच्या कबरी आता दक्षिणेत आहेत असे सांगून पदवीवरील हक्क उत्तरेच्या शाखेस सोडला. येथे रक्ताचा क्रम हरला आणि स्थानाचा क्रम जिंकला. पुढे ग्रंथाची सूत्रे उत्तरेकडे राहिली आणि ज्येष्ठ शाखा अनेकींपैकी एक ठरली. वंशावळ निसर्गक्रम नोंदविते असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण वाचावे.

या निवाड्यांवर राजसत्तेची छाया किती गडद होती, हे पिढीदर्शक अक्षरांवरून कळते. मिंग काळापासून खुंगांच्या प्रत्येक पिढीसाठी नावातील एक अक्षर ठरलेले आहे. ७५ व्या पिढीला ‘श्यांग’, ७६ व्या ‘लिंग’, ७७ व्या ‘त’. १९३३ ते १९४४ या काळातील चीनचे अर्थमंत्री खुंग श्यांग-शी हे आपली पिढी नावातच घेऊन वावरत. मेन्सियसच्या वंशजांनीही हीच अक्षरमाला स्वीकारली. परंतु छिंग काळात यातील दोन अक्षरे सम्राटांच्या व्यक्तिनामांत येतात असे दिसताच ती बदलावी लागली. ऋषीच्या वंशाचा पिढीक्रमही सम्राटाच्या नावापुढे वाकला. १६८४ च्या सुमारास ज्याने ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध केली, तो ६४ व्या पिढीचा खुंग शांग-रन पुढे मिंग सत्तेच्या पतनावर एक श्रेष्ठ नाटक लिहून गेला. सत्ता जाते आणि स्मृती उरते, या विषयाकडे तो वंशावळीच्या कामातून वळला असावा, असे मला वाटते.

तिसरा सांधा विसाव्या शतकातील. ७६ व्या पिढीचे उमराव खुंग लिंग-यी १९१९ मध्ये वारले तेव्हा पत्नी गरोदर होती. १९२० च्या आरंभी झालेल्या त्या बाळंतपणात मुलांची अदलाबदल होऊ नये म्हणून वाड्याला सैनिकांचा पहारा होता. दहाव्या शतकातील भय हजार वर्षांनी तसेच जागे होते. मुलगा झाला, आई काही दिवसांतच गेली. हा मुलगा, खुंग त-छंग, अखेरचा ‘यान-शंग-कुंग’. १९३५ मध्ये पदवीचे रूपांतर पूजाधिकाऱ्याच्या पदात झाले. १९३७ मध्ये कुलग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. १९४९ मध्ये तो तैवानला गेला. १९६६ मध्ये लाल रक्षकांनी छ्यू-फूतील स्मारके फोडली आणि लिंग-यीची कबरही उकरली. जमीन गेली, पदवी गेली, पूर्वजांची हाडेही सुरक्षित राहिली नाहीत. निवाडा करण्याजोगे काही उरले नाही.

आणि नेमका यानंतर ग्रंथ वाढला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचे ८० खंड आहेत आणि तीत वीस लाखांहून अधिक नावे आहेत. १९३७ च्या आवृत्तीत ती सहा लाखांच्या आत होती. परदेशस्थ शाखा, कोरियातील खुंग, हान नसलेले वंशज आणि प्रथमच स्त्रिया यांना तीत स्थान मिळाले. परंपरानिष्ठांना यात शिस्तीचा ऱ्हास दिसतो, आणि त्यांचा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. जेथे नोंदीने काही मिळत नाही तेथे तोतयाचे भय नसते; पण पुरावा कसोशीने पाहण्याची निकडही कमी होते. इतिहासाचे साधन म्हणून १९३७ ची आवृत्ती काही बाबतींत अधिक कठोर ठरेल, हे मान्य केले पाहिजे. शिवाय मुलीचे नाव आले म्हणून वंश मुलीकडून चालू लागला असे होत नाही. ग्रंथ आडनावाचाच राहतो.

तरीही माझ्या मते ही आवृत्ती परंपरेशी फारकत घेत नाही. ती परंपरेच्या दुसऱ्या, दबलेल्या प्रवाहाकडे परतते. सू श्युनला जे हवे होते, म्हणजे दूर गेलेल्यांनी परस्परांना परके होऊ नये, ते खुंगांच्या ग्रंथाला अधिकाराचे ओझे उतरल्यावरच साधता आले. याची साक्ष त्याच वाड्यातून मिळते. खुंग त-छंग यांची थोरली बहीण खुंग त-माओ (१९१७–२०२१) हिने १९८० च्या दशकात त्या वाड्यातील बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. पहाऱ्यातील ते बाळंतपण आज आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे ते तिच्यामुळे. जुन्या नियमाने तिला ओळ नव्हती. पण त्या घराची स्मृती तिने राखली. भावाबहिणीची भेट चाळीस वर्षांहून अधिक काळानंतर, १९९० मध्ये, जपानमध्ये झाली. सू श्युन ज्याला परकेपणा म्हणत होता, तो पाच पिढ्यांनी नव्हे, एका पिढीतच त्यांच्या वाट्यास आला होता.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावयाचे आहे की, कुलग्रंथ हाती घेताना त्यातील नावे मोजण्यापूर्वी त्यातील निवाडे मोजावेत. ओळ कोठे तुटली, ती कोणी जोडली, जोडताना कोणाला बाहेर ठेवले आणि त्या बाहेर ठेवलेल्याची खूण ग्रंथात कोठे राहून गेली, हे पाहावे. खुंग कुलाच्या ग्रंथात अशी पहिली खूण एका अनाम बालकाची आहे.