मिलिकनच्या वहीतले उरलेले थेंब

मिलिकनचा तेलथेंबाचा प्रयोग उच्च माध्यमिक वर्गांत आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. धातूच्या दोन आडव्या तबकड्या, त्यांच्यामध्ये तेलाचा एक सूक्ष्म थेंब. विद्युतदाब लावला की तो वर चढतो, काढला की खाली येतो. या दोन वेगांवरून थेंबावरचा विद्युतभार काढता येतो आणि तो नेहमी एका ठराविक भाराच्या पूर्णांकी पटीत भरतो. प्रयोग देखणा आहे, याबद्दल वाद नाही. या प्रयोगावरचा शोधनिबंध मात्र आपण क्वचितच वाचतो. एक लेखन म्हणून तो तपासून पाहण्यासारखा आहे.

हा निबंध १९१३ च्या ऑगस्टमध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये छापून आला. त्यात ५८ थेंबांची निरीक्षणे आहेत. आणि त्यात तिरप्या अक्षरांत, म्हणजे मुद्दाम ठसवून, एक विधान आहे: हे थेंब निवडून घेतलेले नाहीत, सलग ६० दिवसांत ज्या थेंबांवर प्रयोग केले ते सगळे यात आले आहेत.

मिलिकनच्या प्रयोगाच्या वह्या कॅलिफोर्नियातल्या 'कॅलटेक' या संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. विज्ञानाचे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्या चाळून १९७८ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. ऑक्टोबर १९११ ते एप्रिल १९१२ या काळात त्यांना सुमारे १४० थेंब नोंदलेले आढळले. काही पानांवर शेरेही आहेत. कुठे 'सुंदर, हे नक्की छापायचे' अशा अर्थाचा, तर कुठे काहीतरी बिघडल्याचा. वहीचा मालक निवड करत होता, हे उघड आहे.

आता निवड करणे हा काही गुन्हा नव्हे. थेंब फार लहान असेल तर हवेच्या रेणूंच्या धडकांनी तो थरथरतो, फार मोठा असेल तर झर्रकन पडतो आणि वेळ नीट मोजता येत नाही. सुरुवातीचे काही महिने तर उपकरण हाताखाली येण्यातच जातात. कोणताही जाणता प्रयोगकर्ता अशी निरीक्षणे बाजूला ठेवील. पण ठेवली, असे लिहील! १९१० च्या निबंधात खुद्द मिलिकनने तसेच केले होते. निरीक्षणांना त्याने दर्जानुसार तारे दिले होते आणि एक थेंब सुमारे ३० टक्के कमी भार दाखवत असल्याने सोडला, हेही सांगितले होते. या सचोटीचे फळ काय मिळाले? इलेक्ट्रॉनपेक्षाही लहान भार असतात असे मानणाऱ्या व्हिएन्नाच्या एरेनहाफ्टने तीच आकडेवारी त्याच्यावर उलटवली. पुढच्या निबंधातल्या त्या ठसठशीत वाक्यामागे या भांडणाचा धाक असावा, असे मला वाटते.

मिलिकनचे वकीलही आहेत. डेव्हिड गुडस्टाइन यांचे म्हणणे असे, की ते वाक्य मागच्यापुढच्या संदर्भात वाचावे, म्हणजे त्याचा अर्थ मर्यादित होतो. ॲलन फ्रँकलिन यांनी १९८१ मध्ये दाखवले, की वगळलेले थेंब धरले तरी उत्तर फारसे हलत नाही. फक्त विखुरलेपणा वाढतो. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण निबंध वाचणाऱ्याला वही दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त वाक्य असते. 'सगळे' या शब्दाचा त्याने दुसरा अर्थ का घ्यावा?

गंमत अशी, की मिलिकनचे उत्तर चुकले ते या निवडीमुळे नाहीच. त्याने वापरलेली हवेची श्यानता (चिकटपणा) किंचित चुकीची होती. आजच्या एककांत त्याचा आकडा १.५९२ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम येतो. आजचा आकडा १.६०२ आहे. फाइनमन यांनी १९७४ च्या आपल्या प्रसिद्ध भाषणात सांगितले, की पुढच्या संशोधकांची उत्तरे या आकड्यापासून थोडी थोडी करत वर सरकली. जास्त उत्तर आले की ते चूक शोधत बसत, मिलिकनच्या जवळ आले की फारसे बघत नसत.

हे वाचताना आपल्या प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येत नाहीत का? साध्या दोलकाच्या प्रयोगात वर्गातल्या सगळ्या जर्नलांत 'जी'ची किंमत ९८० च्या अवतीभवती येते. घड्याळ बंद पडलेले असले तरी येते! कारण आपण गुण उत्तराला देतो आणि मुलांना ते पुरते ठाऊक असते. जर्नलमध्ये एक पान 'वगळलेली निरीक्षणे आणि कारणे' यासाठी ठेवून त्याला दोन गुण द्यायला कोणत्या परिपत्रकाची वाट पाहायची?

निबंधातून गळालेले एक नावही सांगायला हवे. हार्वे फ्लेचर हा मिलिकनचा विद्यार्थी या प्रयोगात पहिल्यापासून राबला. १९१० च्या निबंधावर मात्र एकट्या मिलिकनचे नाव आहे. मिलिकन घरी आला आणि हा निबंध माझा, दुसरा एकट्या तुझ्या नावावर, अशी वाटणी त्याने सुचवली, असे फ्लेचरने लिहून ठेवले. प्रबंधासाठी एकट्याच्या नावाचा निबंध हवा असल्याने त्याने ते मान्य केले. १९२३ चे नोबेल मिलिकनला मिळाले. फ्लेचरने ही हकिकत आपल्या मृत्यूनंतरच छापावी म्हणून एका मित्राकडे सोपवली होती; ती १९८२ मध्ये 'फिजिक्स टुडे'त आली.