हॉब्सन-जॉब्सन : मराठीच्या बाजूने

हेन्री यूल आणि आर्थर कोक बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये निवर्तले होते. विल्यम क्रुक यांनी संपादिलेली दुसरी आवृत्ती १९०३ची. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांच्या तोंडी झालेला अपभ्रंश म्हणजे हे शीर्षक. परकी शब्द आपल्या कानाच्या साच्यात बसवून घेण्याच्या प्रवृत्तीला पुढे भाषाभ्यासात याच नावाने ओळखले जाऊ लागले. ‘हू कम्स देअर’चा ‘हुकुमदार’ करणाऱ्या देशी कानाने त्याची परतफेड केली, एवढेच.

या कोशातील कितीतरी शब्द आज इंग्रजी भाषकालाही कोश उघडल्यावाचून कळणार नाहीत. त्यामुळे जुन्या इंग्रजी अमदानीचे एक करमणूकप्रधान संग्रहालय म्हणूनच तो बहुधा वाचला जातो. मराठी वाचकाने मात्र तो तसा वाचू नये. इंग्रजीत मृत झालेल्या यांतील अनेक शब्दांचा संसार मराठीत आजही चालू आहे, आणि तोही कोशकारांच्या कल्पनेत नसलेल्या अर्थांनी.

‘कंपू’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘कॅम्प’ किंवा पोर्तुगीज ‘कांपो’ यांच्याशी नाते सांगणारा हा शब्द कोशात छावणी या अर्थाबरोबरच, युरोपीय सेनानींच्या हाताखालील मराठ्यांच्या कवायती पलटणी या विशिष्ट अर्थाने येतो. द बॉयन्यने उभारलेले शिंद्यांचे कंपू ते हेच. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवर वेलस्लीसमोर पोहलमनच्या हुकमतीखाली उभे राहिले तेही कंपूच. त्यानंतर इंग्रजीला या शब्दाची गरज उरली नाही. मराठीने तो रणांगणावरून उचलला आणि साहित्यव्यवहारात आणून बसविला. ‘कंपू’ आणि ‘कंपूशाही’ यांवाचून मराठी समीक्षकाचे भांडण पुरे होत नाही. (भांडणाऱ्यांपैकी कितीजणांना असई आठवते, हा प्रश्न वेगळा.) पण हा अर्थबदल स्वैर नाही. भाडोत्री निष्ठा, बाहेरून आलेली शिस्त आणि सेनापती बदलताच दुसरीकडे फिरणारे तोंड, या मूळच्या छटा आजच्या निंदाव्यंजक वापरात शाबूत आहेत. शब्दाने संस्था गमावली. तिच्याविषयीचा संशय राखला.

‘गारदी’चे तसे नाही. कोशाला गारदी म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेला देशी शिपाई. १७५१ मध्ये सलाबतजंगासोबत ब्युसी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आला. त्याच्याच फौजी परंपरेतून इब्राहिमखान गारदी पुढे आला आणि १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. मराठी मनात मात्र हा शब्द पानिपताने नव्हे, तर ३० ऑगस्ट १७७३च्या शनिवारवाड्यातील नारायणरावाच्या खुनाने रुतला आहे. कोशातील अर्थ अचूक आहे. तरीही मराठी वाचकाला तो अपुरा वाटणारच. लष्करी संज्ञेचा एका रात्रीत खुनी झाला, ही घटना इंग्रजी नोंदीच्या कक्षेत येण्याजोगी नव्हती.

सर्वांत विचारप्रवर्तक नोंद ‘कौल’ची. लेखी पट्टा, अभयपत्र, कोणताही लेखी करार असा अर्थ देऊन कोशकार एक मिस्कील दाखला देतात : सम्राट सिगिस्मुंडने यान हुसला कौल दिला आणि मोडला. १४१५ साली जिवंत जाळल्या गेलेल्या युरोपीय धर्मसुधारकाची कथा दख्खनी महसुली शब्दाने सांगितली जावी, यात वसाहतवादी उद्दामपणाच पाहणे एकांगी ठरेल. इथे इंग्रजी क्षणभर देशी शब्दावर विसंबली आहे. तिच्याजवळच्या शब्दांत वचन आणि कागद असे एकजीव झालेले नसावेत. तथापि कोशाला ठाऊक असलेला कौल कागदाचाच. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला दिलेला कौलनामा त्यात बसतो. कोकणात आणि गोव्यात देवाला लावला जाणारा कौल बसत नाही. अरबीत ‘बोलणे’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द मराठीत सरकारकडून देवाकडे गेला आणि आज ‘जनतेचा कौल’ म्हणून मतपेटीपाशी उभा आहे. तिन्ही ठिकाणी मागणारा खाली आणि देणारा वर, ही रचना मात्र टिकली. निवडणुकीपुरती का होईना, त्यातील माणसांची जागा उलटली, एवढाच फरक.

यूल बंगालच्या इंजिनिअर दलातले, बर्नेल मद्रासच्या मुलकी सेवेतले. मराठी मुलूख त्यांच्या कोशात येतो तो मुख्यतः चौथ, बारगीर, पेंढारी, कलकत्त्याभोवती १७४२ मध्ये खोदलेला ‘मराठा खंदक’ अशा धाकाच्या आणि वसुलीच्या शब्दांतून. बंगाली अंगाईतला ‘बर्गी’ही या बारगिराचाच वंशज. ज्या भाषेत ‘लीळाचरित्र’ लिहिले गेले, तिची ही इंग्रजी प्रतिमा घोड्यावर बसलेली आहे. तिला खोटी म्हणता येत नाही. ती ज्यांनी अनुभवली त्यांच्या दप्तरांतूनच ती आली आहे. मराठी कोशपरंपरेने हे शब्द व्युत्पत्तीच्या कंसात ‘इंग्रजी’ वा ‘पोर्तुगीज’ असा शिक्का मारून मोकळे केले. शब्द कोणत्या लढाईतून, कोणत्या कागदातून आला आणि कोणत्या साली त्याची छटा फिरली, हे दिनांकित अवतरणांनी दाखविण्याची हॉब्सन-जॉब्सनची शिस्त ‘कंपू’ या एका नोंदीला जरी लावली, तरी तिच्यात असईच्या शेजारी मराठी नियतकालिकांतील वादांची अवतरणे छापावी लागतील.