नववी पास, आठवी नापास

पाश्चात्त्य संगीतातला एक जाणकार म्हणून आमच्या सोसायटीत मला बरीच वर्षं मान होता. या कीर्तीचं सगळं भांडवल म्हणजे जुन्या बाजारात घेतलेली एक रेकॉर्ड : अंतोनिन द्वोर्झाक या झेक संगीतकाराची 'न्यू वर्ल्ड सिम्फनी'. पाहुणे आले की मी ती लावत असे. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्नची ती संथ, घराकडे ओढ लावणारी धून सुरू झाली की डोळे मिटून मान हलवत असे. डोळे मिटून बसलेल्या श्रोत्याला कोणी प्रश्न विचारू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. मैफलीतले निम्मे दर्दी त्या संकेतावरच तगून असतात.

माझ्या भाच्याने तो मोडला.

"मामा, ही नववी ना?"

"पाचवी," मी डोळे न उघडता म्हणालो. "कव्हरवर लिहिलंय."

"छे, नववी. बरं, मग आधीच्या आठ कशा आहेत?"

मी डोळे उघडले. नववी म्हणजे आधी आठ असणारच, हे गणित इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. आपला मुलगा थेट नववीतच जन्मला, असं समजणाऱ्या बापासारखी माझी अवस्था झाली.

पुढे कळलं ते असं, की मामा-भाचे दोघेही बरोबर होतो. द्वोर्झाक हयात असताना त्याच्या पाचच सिम्फन्या छापल्या गेल्या, त्यातली ही शेवटची. म्हणून जुन्या कव्हरांवर 'पाचवी'. आधीच्या चार मागाहून मोजणीत आल्या. त्यातल्या पहिलीची तर कथाच आहे. तरुण द्वोर्झाकने 1865 मध्ये ती जर्मनीतल्या एका स्पर्धेला पाठवली आणि ती परत आलीच नाही. पुढे लाइपझिगमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती एका गृहस्थाने विकत घेतली. त्याचंही आडनाव द्वोर्झाकच, पण नातं काही नाही. आपल्याकडे दोन कुलकर्ण्यांत असतं तेवढंच. 1923 मध्ये ती उजेडात आली, 1936 मध्ये प्रथम वाजली. द्वोर्झाक 1904 मध्येच गेला होता. स्वतःची पहिली सिम्फनी त्याने कधी ऐकलीच नाही. मी ऐकली. खरं सांगायचं तर फार लांबण लावते. तिची गोष्टच तिच्याहून अधिक रंगते.

पण आठवी! ही त्याने 1889 मध्ये व्हिसोका गावच्या आपल्या घरी लिहायला घेतली. तिथे तो बाग करी, कबुतरं पाळी. आगगाड्यांचं तर त्याला वेडच होतं. सुरुवातीला चेलो एक गंभीर सूर लावतात. वाटतं, आता काही दुःखद ऐकायला मिळणार. तोच बासरी पाखरासारखी मध्येच बोलते आणि सगळं ऊन पडल्यासारखं होतं. नवव्या सिम्फनीत बांधणी जास्त घट्ट असेल, पण आठवीत माणूस अंगणात बसून बोलतो. त्याच्या आधीची सातवी लंडनसाठी लिहिलेली, 1885 ची. ती मात्र काळ्या कोटातली, कपाळाला आठ्या असलेली. एकाच माणसाच्या या तीन तऱ्हा, आणि मी त्याला एकाच फोटोवरून ओळखत होतो.

हा दोष एकट्या माझा नव्हे. बर्लिनचा त्याचा प्रकाशक सिमरॉक यालाही द्वोर्झाककडून हवे असत ते 'स्लाव्हॉनिक डान्सेस'सारखे छोटे, पटकन खपणारे तुकडे. सातवीला त्याने घासाघीस करून सहा हजार मार्क दिले होते. आठवीला देऊ केले एक हजार. द्वोर्झाक भडकला आणि आठवी लंडनच्या नोव्हेलोकडे घेऊन गेला. आपल्याकडे बुवांनी तासभर विलंबित मारवा मांडावा आणि पहिल्या रांगेतून 'ते भजन होऊ द्या' अशी चिठ्ठी यावी, त्यातलाच प्रकार.

हे सगळं मी सौ.ला रंगवून सांगत होतो. ती वाल सोलत होती.

"म्हणजे माझ्या पुरणपोळीसारखंच की," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"लग्न होऊन आल्यापासून तुमच्याकडची माणसं येतात ती पुरणपोळी खायला. वहिनींच्या हातची पुरणपोळी! पुरण वाटून माझे हात भरून येतात. आईकडून शिकलेली वालाची उसळ कधी कोणी मागितली? तुम्ही मागितलीत?"

मी गप्प बसलो. डोळे मिटण्याची सोय नव्हती.

त्या रात्री मी चेलो कन्चेर्टो लावला. सौ. आपणहून येऊन बसली, म्हणून तिला गोष्ट सांगितली. तरुणपणी द्वोर्झाकचा जीव योसेफिना नावाच्या शिष्येवर जडला होता. लग्न झालं ते तिच्या धाकट्या बहिणीशी, आनाशी. पुढे न्यूयॉर्कला असताना योसेफिना आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिला आवडणारं आपलंच एक गाणं त्याने या कन्चेर्टोच्या मधल्या भागात गुंफलं. 1895 च्या मे महिन्यात ती गेली. तोवर तो मायदेशी परतला होता. त्याने शेवट पुन्हा लिहिला. धडाक्यात संपणारी गाडी थांबवली, आणि एकटं व्हायोलिन ते गाणं आठवतं. हानुश विहान या चेलोवादकाला तिथे आपल्या कसबासाठी जागा हवी होती. द्वोर्झाकने ठाम नकार दिला. एरवी भिडस्त माणूस, पण एवढ्या जागेवर कोणाला हात लावू दिला नाही.

ती जागा आली. सौ. काही बोलली नाही. मग म्हणाली, "आनाला कळलं असेल का हो?"

समीक्षेच्या एकाही पुस्तकाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. मीही इतक्या वर्षांत तो विचारला नसता.

'न्यू वर्ल्ड'वर माझा राग नाही. ती थोरच आहे, आणि पुरणपोळीही थोरच आहे. पण प्रसिद्ध चीज ही घराची ओटी असते. पाहुण्याने तिथे टेकावं, पाणी प्यावं आणि बोलावणं आलं की आत जावं. मी ओटीवरच मुक्काम ठोकून 'या घरात माझी ऊठबस आहे' म्हणून सांगत होतो.

परवा भाचा आला. हात धुऊन पाटावर बसता बसता त्याने विचारलं, "मामी, पुरणपोळी?"

"आज उसळ आहे," मी आतून ओरडलो. नारळ मीच खवत होतो.