विद्युतीकरणाच्या व्याख्येतले ‘गाव’

कथा-कवितेतला शब्द आपण पारखून घेतो. सरकारी कागदातला शब्द मात्र तांत्रिक म्हणून सोडून देतो. वास्तविक दलित माणसाच्या आयुष्यावर कवितेपेक्षा या कागदाचीच सत्ता अधिक चालते. म्हणून ग्रामीण विद्युतीकरणाची सरकारी व्याख्या मी येथे एक संहिता म्हणून वाचणार आहे. माझा प्रश्न एकच आहे : या संहितेतले ‘गाव’ म्हणजे कोण?

१९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की ते गाव विद्युतीकृत ठरत असे. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर मोटार बसली, की सारे गाव कागदावर उजळले! ही केवळ कारकुनी ढिलाई नव्हे. १९६०च्या दशकातील दुष्काळानंतर विद्युतीकरणाचा भर पंपांवर आला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. धान्य पिकवायचे तर पाणी उपसले पाहिजे, हे मला मान्य आहे. पण पंप त्याचा, ज्याची विहीर; आणि विहीर त्याची, ज्याची जमीन. भूमिहीनाच्या वाट्याला आली ती दुसऱ्याच्या बागाईतातली मजुरी.

१९९७ साली वस्तीत वीज असणे आवश्यक ठरले. २००४च्या व्याख्येने रोहित्र व वाहिन्या लोकवस्तीत आणि जेथे असेल तेथे दलित वस्तीतही मागितल्या. शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज मागितली. आणि किमान १० टक्के घरांत जोडणी मागितली. दलित वस्तीचा स्पष्ट उल्लेख आला, त्याचे मोल मी नाकारीत नाही. पण वस्तीत तार येणे वेगळे आणि घरात दिवा लागणे वेगळे. १०० उंबऱ्यांच्या गावात १० घरे पुरेशी! ती १० घरे कोणती, याविषयी व्याख्या गप्प आहे. आणि गाव उजळल्याचा दाखला द्यायचा ग्रामपंचायतीने. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग येथे वीज पोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे जाहीर झाले, ते याच मोजपट्टीने.

सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेने गावाऐवजी घर मोजायला घेतले, ही सुधारणा खरी. परंतु तिच्या हिशेबात ‘इच्छुक कुटुंब’ असा शब्द आहे. बिलाच्या धास्तीने जो जोडणी नको म्हणतो, त्याच्या दारिद्र्यालाच येथे अनिच्छा म्हटले जाते.

या भाषेचे मूळ जुने आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गाव म्हणजे एक समुदाय असे गृहीत धरले गेले. पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, वस्ती वेशीबाहेर. हा समुदाय कसला? बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याचा गौरव झिडकारला आणि घटनेच्या मसुद्याने खेडे नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केले. घटनेने बाजूला सारलेले खेडे नियोजनाने पुन्हा पाटावर आणून बसवले.

वीज हा विषय बाबासाहेबांना परका नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचे कामही त्यांच्याकडे होते. दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस सोडवायचा तर औद्योगिकीकरण हवे आणि त्यासाठी मुबलक, स्वस्त वीज हवी, ही भूमिका त्यांनी १९४३ साली मांडली. त्यांच्या दृष्टीने वीज हे उत्पादनाचे साधन होते. उलट १९८८-८९च्या कुटीर ज्योती योजनेने दारिद्र्यरेषेखालच्या घराला दिली ती एका दिव्याची जोडणी. त्या दिव्याखाली मूल अभ्यास करते, म्हणून मी त्याला तुच्छ लेखणार नाही. पण एकाला मोटार आणि दुसऱ्याला बल्ब, ही वाटणी जमिनीच्या वाटणीवरच उभी आहे. तिला विकास कसे म्हणायचे?

म्हणून मोजणी गावाची नको. वस्तीवार, घरवार हवी. किती जोडण्या दिल्या, किती थकबाकीपायी तोडल्या, विजेवर चालणारी गिरणी, पंप, यंत्र कोणाच्या मालकीचे, हे कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत विचारावे. शिक्षक-विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन वहीत उतरवावे. ही वही भरल्याखेरीज ‘गाव उजळले’ हे वाक्य आपण मान्य करता कामा नये.