‘मी’ हा भास, कीं कर्ता?

इंग्रज मानसशास्त्रज्ञ सूझन ब्लॅकमोर यांच्या ‘द मीम मशीन’ (१९९९) या ग्रंथाचें प्रतिपाद्य धीट आहे. अनुकरणानें एका मनांतून दुसऱ्या मनांत जाणाऱ्या कल्पना, चाली, गाणीं यांस डॉकिन्स यांनीं १९७६ सालीं ‘मीम’ हें नांव दिलें. या मीमांनींच आपल्या रक्षणार्थ ‘मी’ हा भास उभा केला, असें बाई म्हणतात. ‘माझें मत’ म्हटलें कीं मनुष्य त्यासाठीं भांडतो! हें निरीक्षण मार्मिक आहे, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु वाशीमचा, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माचा, एक दाखला घ्या. तेथील वाकाटक राजा सर्वसेन याचें चौथ्या शतकांतलें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज लुप्त आहे. कांहीं गाथा तेवढ्या अलंकारग्रंथांतील उदाहरणांत तरल्या. कवि गेला, नक्कल उरली: येथवर बाईंचीच सरशी. पण ‘ध्वन्यालोका’त आनंदवर्धन या काव्याचा गौरव करतो तो कशासाठीं? परंपरेनें आलेली कथा रसास प्रतिकूल असेल तेथें कवीनें ती बदलावी, याचा आदर्श म्हणून. हा बदलहि मीमांच्या सरमिसळीचाच, असें उत्तर मिळेल. सरमिसळ आंधळी असते. येथें तर काय टाकावें हें रसाकडे पाहून ठरलें आहे. तें पाहणारा कोण, याचा उलगडा या ग्रंथांत आम्हांस झाला नाहीं.