अकालजात बालकांचे व्याकरण आणि त्याची मोजमापे

गर्भावस्थेचे ३२ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मास आलेली बालके आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने जगतात आणि त्यांच्या भाषेसंबंधीचे संशोधनही त्या मानाने विपुल झाले आहे. या संशोधनात फान नोर्ट-फान डेर स्पेक व त्यांच्या डच सहकाऱ्यांनी २०१२ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संकलनात्मक विश्लेषणाचा आधार वारंवार घेतला जातो. त्याचा निष्कर्ष असा, की अकालजात मुले 'साध्या' आणि 'संमिश्र' अशा दोन्ही भाषिक कार्यांत मागे असतात. परंतु साध्या कार्यातील अंतर वयाबरोबर फारसे बदलत नाही, संमिश्र कार्यातील अंतर मात्र ३ ते १२ वर्षांच्या दरम्यान वाढत जाते. गंभीर अपंगत्व नसलेल्या मुलांतही हे आढळते.

निष्कर्ष महत्त्वाचा आहे. त्याची परिभाषा मात्र तपासून घ्यावयास हवी. येथे 'साधे' म्हणजे चित्रे दाखवून घेतलेली शब्दाकलनाची कसोटी आणि 'संमिश्र' म्हणजे वाक्य ऐकून पुन्हा म्हणणे, सूचना पाळणे इत्यादी उपकसोट्यांच्या गुणांची बेरीज. ही विभागणी भाषेची नव्हे, कसोट्यांच्या संचांची आहे. लांब वाक्य पुन्हा म्हणताना मूल अडखळले, तर गौणवाक्याची रचना त्यास अवगत नसेल, किंवा तेवढे शब्द क्षणभर मनात धरून ठेवणे त्यास जमत नसेल. आणि अवधान व कार्यस्मृती यांतील उणीव तर अकालजात मुलांत स्वतंत्रपणे नोंदली गेली आहे. बेरजेत ही दोन्ही कारणे एकरूप होतात. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ती एक नव्हेत. पहिल्या मुलास रचना शिकवावी लागेल. दुसऱ्यास वाक्ये तोडून द्यावी लागतील.

वयाच्या दुरुस्तीचा प्रश्न त्या मानाने सोपा. २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या मुलाच्या वयातून १२ आठवडे वजा करण्याची रीत बहुधा २ वर्षांपर्यंत पाळतात. पेन्या, वर्कर आणि देहाएन-लाम्बेर्ट्झ यांच्या २०१२ मधील प्रयोगांनी तिला ध्वनिग्रहणापुरता आधारही दिला : भाषा तीन महिने आधी कानी पडू लागली, म्हणून मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेशी जुळणे तीन महिने आधी घडत नाही. व्याकरणास तोच न्याय लावणे हे अनुमान होय, सिद्धी नव्हे.

खरी अडचण मोजपट्टी परभाषेत नेताना येते. जगातील सर्वाधिक अकाली जन्म भारतात होतात. त्यामुळे मराठी मुलांपुरता हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली तीन इंग्रजीभाषी मुलांच्या बोलण्यावरून रूढ केलेली सरासरी उक्तिदीर्घता रूपिकांच्या संख्येवर आधारलेली आहे. इंग्रजीत प्रत्यय थोडे, आणि लहान मूल ते प्रारंभी गाळते. म्हणून तेथे लांबी ही प्रगतीची खूण ठरते. मराठीत 'खाल्ली' या रूपातून भूतकाळाचा किंवा लिंगवचनाचा अंश वगळून उच्चारता येईल असे रूप उरतच नाही. मूल 'पोळी खाल्ली' म्हणो, की 'आंबा खाल्ली', लांबी तीच. गुणपत्रकास ही चूक दिसत नाही आणि 'शब्द पुष्कळ आहेत, काळजी नको' असे आश्वासन घेऊन आई घरी परतते.

वस्तुतः नेमके येथेच पाहावयास हवे. 'दादा पोळी खातो' येथे क्रियापद कर्त्यास अनुसरते, 'दादाने पोळी खाल्ली' येथे कर्मास, आणि 'ताईने बाळाला मारले' येथे कोणासच नाही. काळ बदलताच अन्वयाचे सूत्र बदलते, हे मुलास कोणी सांगत नाही. बरे, 'पोळी खाल्ली' हे बिनचूक आले, तरी ते अखंड पाठ केलेले असू शकते. तेव्हा एकदा आंबा, एकदा केळे, आणि एकदा मुलाने पूर्वी न ऐकलेल्या नावाची एखादी वस्तू पुढे ठेवून तेच क्रियापद बोलते करावे लागते. अर्धा तास लागतो, आणि मोजावयाचे ते लांबीत नव्हे, शेवटच्या स्वरात असते.