एक घर, किती चुली?

मोनोरेपोचा विषय निघाला की कोणीतरी एका लेखाचा दाखला देतंच. रेचेल पॉटविन आणि जॉश लेव्हनबर्ग यांचा हा लेख जुलै २०१६ च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये आला. गूगल आपला बहुतेक कोड एकाच रेपॉझिटरीत का ठेवतं, हे त्यात सांगितलंय. २ अब्ज ओळी, ८६ टेराबाइट, २५ हजारांवर डेव्हलपर. आकडे वाचूनच माणूस दबतो. आज आपण न दबता तो वाचू.

लेखात सांगितलेले फायदे खरे आहेत. लायब्ररीतलं एक फंक्शन बदललं, की ते वापरणारा सगळा कोड त्याच कमिटमध्ये बदलता येतो. कोणाकडे जुनी आवृत्ती, कोणाकडे नवी, हा घोळ उरत नाही. खर्चही लेखकांनी लपवलेला नाही. बाजारातली साधनं पुरेनात, म्हणून पायपर ही स्वतःची यंत्रणा उभारावी लागली, हे ते सांगतात.

मग आमची तक्रार काय? खरा बदल कुठे होतो, यावर लेख थांबत नाही. रेपॉझिटरी वेगळ्या असताना वापरणारा सवडीनं नवी आवृत्ती घेतो. सगळं एकत्र आलं, की बदल करणाऱ्यालाच सगळ्यांचा कोड दुरुस्त करावा लागतो. म्हणजे काम कमी झालं नाही, त्याचा धनी बदलला. गूगलकडे रोझी आहे. ती मोठ्या बदलाचे तुकडे पाडून ज्याच्या-त्याच्याकडे तपासायला पाठवते. पाच जणांच्या टीमकडे काय आहे?

आणखी एक बघा. गिटवरचा अँड्रॉइडचा कोड ८०० हून जास्त रेपॉझिटरींत विभागलेला आहे, असं हाच लेख सांगतो. कारणंही देतो: गिटची मर्यादा, बाहेरच्यांबरोबरचं काम. आमच्या मते लेखाचा गाभा इथे होता. सगळे एकाच मालकाचे नोकर असतात तोवर घर एक राहतं. बाहेरचे आले की चुली वेगळ्या होतात.

तेव्हा लेख जरूर वाचा, पण दाखला म्हणून फेकू नका. इतिहास जपून चार रेपॉझिटरी एकत्र करायला ‘गिट फिल्टर-रेपो’सारखं साधन आहे. त्याआधी टीमला दोनच प्रश्न विचारा: दुसऱ्याचा कोड मोडला, तर ते सांगणाऱ्या टेस्ट आहेत का? आणि तो दुरुस्त कोण करणार? उत्तरं नसतील, तर भिंती पाडून फक्त भांडणं एका खोलीत येतील.